पिवळ्या विहिरीचा निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. दोनशे लिटरचा, प्लॅस्टिकचा, एका बाजूनं चेपलेला. हसू नका. पुण्यात माझ्यासारखे ड्रम गल्लोगल्ली सापडतात, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या एका भावाच्या पोटावर तर सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी ‘येथे गाडी लावू नये, लावल्यास हवा राहणार नाही’ असं रंगवून त्याला फाटकासमोर उभा केलाय. अकरा वर्षं झाली, तो तेवढंच काम करतो आणि फार रुबाबात करतो. माझं आयुष्य इतकं सरळ गेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम, चिकट प्लॅस्टिक साच्यात घालून त्यांनी मला फुग्यासारखं फुगवलं आणि थंड झाल्यावर बाहेर काढलं. पहिली दोन वर्षं मी लोणच्याच्या कारखान्यात व्हिनेगर वाहिलं. आंबट का होईना, पण ते अब्रूचं काम होतं. मग भंगाराच्या दुकानामार्गे मी हडपसरला आलो, मथुराबाईंच्या जागेवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आणि तिथं माझ्या नशिबानं मातीच खाल्ली.

मथुराबाई म्हणजे मूळच्या गावातल्या. हडपसर खेडं होतं तेव्हापासूनच्या. आता शेती उरली नाही, घर, गोठ्याची जागा आणि मागची विहीर तेवढी उरली. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या नवरी होऊन आल्या, त्याच वर्षी ही विहीर खणली. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि त्यांनी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या. त्यामुळे विहिरीवर त्यांचा फार जीव. घरात नळ आला तरी प्यायचं पाणी विहिरीचंच. नळाच्या पाण्याला चव नसते म्हणायच्या, आणि ते म्हणताना नळाकडे असं बघायच्या की नळानं शरमून बंद पडावं.

त्यांचा मुलगा संभाजी. वय पंचेचाळीसच्या आसपास, माणूस कष्टाळू, तोंडानं थोडा तिखट. त्यानं गोठा पाडून शेड बांधली आणि भाड्यानं दिली. भाडेकरू क्रोम चढवण्याचं काम करायचे. नळाच्या तोट्या, खुर्च्यांचे पाय, गाड्यांचे आरसे असं काय काय यायचं आणि लखलखीत होऊन जायचं. धुतलेलं पाणी मात्र पिवळं असायचं. दिसायला अगदी लिंबाचं सरबत, पण त्यात क्रोमियम नावाचा धातू विषारी रूपात मिसळलेला असतो. कातडीला लागलं तर फोड येतात, रोज पोटात गेलं तर माणसाचा घात होतो. हे पाणी माझ्यात साठवायचे. नियमाप्रमाणे ते शुद्ध करायला पाठवायचं असतं. त्यांनी शेडमागं एक खड्डा खणला आणि मी भरलो की मला त्यात उपडा करायचे. आठवड्यातून दोनदा, चार वर्षं.

एकदा मला उपडा करत असताना संभाजी तिथं आला होता. फोनवर बोलत आला, थबकला, खड्ड्यातलं पाणी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान फिरवून निघून गेला. मला वाटलं, आता ओरडेल, उद्या येऊन खड्डा बुजवायला लावेल. कसलं काय! त्यानंतर तो शेडच्या मागच्या बाजूला कधी फिरकलाच नाही.

मग एका उन्हाळ्यात मथुराबाईंनी घागर ओढली आणि पाणी पिवळं निघालं. त्यांना वाटलं, कुणीतरी विहिरीत हळद टाकून करणी केली. गावात कुणाकुणावर त्यांनी संशय घेतला, ते सांगत नाही, कारण ती माणसं अजून शेजारीच राहतात. पण पाणी तपासून आल्यावर खरं कळलं. आठवडाभरात भाडेकरू सामान उचलून पसार झाले. जाताना मला मागं टाकलं. विहिरीवर पत्रा पडला. मथुराबाईंनी नळाचं पाणी प्यायला सुरुवात केली आणि बोलणं निम्मं केलं. गल्लीत कुणी विषय काढला की मात्र लगेच म्हणायच्या, भाडेकरूंनी फसवलं हो, माझ्या संभाला यातलं काय ठाऊक, भोळा आहे तो. आणि संभाजी तिथं असला तर उठून जायचा.

त्याला ती विहीरच नकोशी झाली होती. बुजवून टाकू आणि वर फरशी घालू, असा त्यानं धोशा लावला. मथुराबाई एकच सांगायच्या, माझ्या जिवंतपणी नाही.

अशात दीक्षा आली. येरवड्याची मुलगी, कॉलेजात रसायनशास्त्रात संशोधन करणारी. खराब झालेल्या विहिरी शोधत स्कूटरवर फिरायची. पहिल्याच दिवशी तिनं विहिरीवरचा पत्रा सरकवला, बाटलीत पाणी घेतलं आणि त्यात कसलेतरी थेंब टाकले. पाणी गडद जांभळं झालं. जितका रंग गडद तितकं विष जास्त, असं तिनं मथुराबाईंना समजावलं. मग म्हणाली, हे पाणी लोखंडानं साफ करता येईल. तेही नवं नको, लेथवर लोखंड कापताना जो कीस निघतो आणि भंगारात जातो, तो चालेल. संभाजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं की भंगारानं पाणी साफ होतं, तर मग महापालिका एवढे मोठे प्रकल्प कशाला बांधते, शोभेला का? दीक्षा हसली नाही आणि चिडलीही नाही. एक संधी द्या म्हणाली.

शेवटी आईच्या हट्टापुढं त्यानं मान्य केलं, पण अट घातली. ज्या दिवशी तुमच्या यंत्रातून पिवळं पाणी बाहेर पडेल, त्या दिवशी प्रयोग बंद आणि विहिरीवर जेसीबी. मथुराबाई कबूल म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? विहीर वाचायची तर एवढा एकच रस्ता होता.

यंत्र म्हणजे कोण, तर मी! कोपऱ्यात धूळ खात पडलो होतो. दीक्षानं मला तीनदा घासून धुतलं, तळाशी नळ बसवला, आत जाळी घातली. मित्रांनो, ज्याच्या पोटातून ते विष खड्ड्यात गेलं, त्याच्यावरच ते काढायची पाळी आली. लाज वाटली मला, पण आनंदही झाला. जवळच्या संतोषच्या लेथवरून तिनं तीन पोती कीस आणला. कॉलेजात तो स्वच्छ धुऊन, सुकवून, मग माझ्या पोटात भरला. कुरळ्या केसांसारखा लोखंडी कीस, आधी जाम टोचायचा, पुढं सवय झाली.

काम असं चालायचं. सकाळी दीक्षा विहिरीची मोटर लावायची, पाणी मोजून किंचित आंबट करायची आणि माझ्यात सोडायची. लोखंड त्या पाण्यात हळूहळू गंजायचं, आणि गंजता गंजता पाण्यातलं विष मोडायचं. क्रोमियम राहायचं, पण त्याचा विषारीपणा जायचा. मग शेजारच्या टाकीत चुना टाकला की ते हिरवट तपकिरी गाळ होऊन खाली बसायचं. वरचं नितळ पाणी वाळूतून गाळून, तपासून पुन्हा विहिरीत सोडायचे. गाळ पोत्यांत भरून घातक कचऱ्याच्या ठिकाणी पाठवायचे. त्या खड्ड्यातली मातीसुद्धा दीक्षानं अशीच खणून पाठवली. लोखंड झिजलं की संतोष नवं पोतं द्यायचा. सगळा खेळ लोखंडाच्या गंजण्यावर होता. ते गंजलं नाही, तर माझ्यात आणि फुटक्या घागरीत काही फरक नव्हता.

पहिल्या दिवशी नितळ पाण्यात दीक्षानं थेंब टाकले आणि रंगच आला नाही. मथुराबाई बाटली उन्हात धरून कितीतरी वेळ बघत बसल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलायला लागल्या. सकाळी चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसायच्या, दमलास का रे विचारायच्या. ऊन लागू नये म्हणून माझ्यावर गोणपाट टाकायच्या. दीक्षाच्या डब्यात भाजी नसली की आतून वाटी यायची, आणि दीक्षा नको म्हणाली की एकच शब्द यायचा, गप. आठ महिन्यांत विहिरीचं पाणी हळदीच्या रंगावरून फिक्या चहाच्या रंगावर आलं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. कुणी मला शाबासकी दिली नव्हती कधी, इथं रोज मिळत होती.

एकाच गोष्टीनं मथुराबाई अस्वस्थ असायच्या. माझ्या पोटातला गंज त्यांना बघवायचा नाही. ज्या घरात कुदळीला, विळ्याला, नांगराच्या फाळाला कधी तांबूस डाग पडू दिला नाही, त्या घरात इतकं लोखंड डोळ्यांदेखत सडतंय! दीक्षा त्यांना समजावून सांगायची, त्या मान डोलवायच्या. पण मान डोलवणं वेगळं आणि पटणं वेगळं.

मग दसरा जवळ आला. दीक्षा दरवर्षीप्रमाणे आपल्या आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर निघाली. चार दिवस मोटर लावू नका, बाकी काही करायचं नाही, असं सांगून गेली. माझ्या पोटात पाणी भरलेलं होतं, तसंच ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊक असेल, त्या दिवशी कामाची हत्यारं धुऊन पुसून त्यांची पूजा करतात. मथुराबाईंनी कोयता धुतला, कुदळ धुतली, विहिरीची मोटर पुसली, सगळ्यांना तेलाचं बोट लावलं आणि मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. सगळ्यात जास्त राबलेला मीच! त्यांनी माझा नळ सोडला, पाणी काढलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि सगळा कीस बाहेर काढून उन्हात पसरला. दिवसभर बसून गंज झटकला. मग घरातलं करडईचं तेल आणलं आणि मूठ मूठ कीस घेऊन लहान बाळाला चोळावं तसं चोळलं. पुन्हा माझ्यात भरला. मला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला.

खरं सांगतो मित्रांनो, मी खुळ्यासारखा खूश झालो. हार घालून घ्यायची माझी पहिलीच वेळ होती. तेल लागलेल्या लोखंडाला पाणी शिवत नाही, पाणी शिवलं नाही तर ते गंजत नाही, आणि गंजलं नाही तर विष मोडत नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला फक्त हार दिसत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षा परत आली. तिनं मोटर लावली, नेहमीसारखं पाणी सोडलं. संभाजी ब्रश तोंडात धरून दारात उभा होता. माझ्या नळातून पाणी आलं ते पिवळं. चुन्याच्या टाकीतून पुढं गेलं तरी पिवळंच. दीक्षानं थेंब टाकले, जांभळा रंग चढला. तिचा चेहरा उतरला. संभाजीनं चूळ भरली, खिशातून फोन काढला आणि जेसीबीवाल्याला दुपारी यायला सांगितलं. ठरल्याप्रमाणे, एवढंच तो दीक्षाला म्हणाला.

दीक्षाला वाटलं, लोखंड संपलं. तिनं माझ्यात हात घातला आणि बोटं वर काढून पाहिली. चिकट होती. वास घेतला. तोवर मथुराबाई कौतुकानं बाहेर आल्या.

“मीच लावलं तेल,” त्या म्हणाल्या. “चार दिस तू न्हाईस. म्हणलं, पोरीचं लोखंड सडायला नको.”

दीक्षाला रागवता आलं असतं, आठ महिन्यांची मेहनत होती. पण ती मथुराबाईंशेजारी जोत्यावर बसली आणि हळू आवाजात तिनं सगळं पुन्हा समजावलं. या वेळी मथुराबाईंनी मान डोलवली नाही. त्या नुसत्या विहिरीकडं बघत राहिल्या. आपल्याच हातांनी आपण विहीर घालवली, हे त्यांना कळलं होतं.

दसऱ्यामुळं लेथ बंद, संतोष गावाला गेलेला, नवीन कीस मिळायची सोय नव्हती. दीक्षा म्हणाली, आहे तेच धुऊ, कढत पाण्यात, धुण्याच्या सोड्यात, तेल निघेपर्यंत. मथुराबाईंनी बंब पेटवला. दोघी जमिनीवर बसल्या आणि घमेल्यांत कीस घेऊन धुवायला लागल्या. तीन पोती लोखंड, मित्रांनो, आणि दोन जोडी हात! त्यातून मथुराबाईंना हातमोजे घातले की काही सुचेना, ते त्यांनी काढून टाकले.

दुपारी जेसीबी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. संभाजी त्याला वाट दाखवायला मागं आला आणि आईला पाहून थांबला. तिच्या बोटांना कीस लागून जागोजागी चिरा पडल्या होत्या. सोड्याचं पाणी त्यात झोंबत असणार, पण हात चालूच होते. तो म्हणाला, ऊठ, पुरे झालं.

“माझी चूक हाय, मी निस्तरते,” मथुराबाई मान वर न करता म्हणाल्या. “तू तुझं काम कर. तवर हुईल तेवढं धुते.”

संभाजी उभा राहिला. जेसीबीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी संभाजीकडं बघत होतो आणि तो, का कोण जाणे, माझ्याकडं बघत होता. मग तो आईसमोर खाली बसला.

“चूक तुझी न्हाई, आई. त्यो खड्डा मला ठाऊक हुता. हाच ड्रम त्यात ओतताना डोळ्यांनी बघितला. शेड रिकामी पडंल म्हणून गप बसलो. विहीर दिसली की तेच आठवतं, म्हणून बुजवायला निघालो.”

मथुराबाईंचे हात थांबले. गल्लीभर ज्याचा भोळेपणा सांगत फिरल्या, तो लेक समोर बसला होता. दीक्षानं खाली मान घातली. मग मथुराबाईंनी आपल्यापुढचं घमेलं त्याच्याकडं सरकवलं.

“धू,” त्या म्हणाल्या.

त्यानं जेसीबी परत पाठवला आणि बाह्या सरसावल्या. संध्याकाळपर्यंत तिघांनी सगळा कीस धुतला, आंबट पाण्यातून काढला आणि माझ्यात भरला. चौथ्या दिवशी माझ्या नळाचं पाणी गाळून आलं आणि थेंबांना रंग चढला नाही. तेव्हापासून रोज सकाळी मोटर लावायला संभाजी यायला लागला. दीक्षाच्या आधी यायचा, आणि काही विचारलं तर ‘बघतोय नीट चालतंय का, तुमचा काय भरवसा’ असं पुटपुटायचा. मायलेकांत पहिले दोन महिने कामापुरतंच बोलणं होतं. संक्रांतीला तिळगूळ देताना तो आईच्या पाया पडला आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग घर पुन्हा घरासारखं झालं.

एकूण दोन वर्षं लागली. शेवटी लागोपाठ तीन महिने विहिरीच्या पाण्याला रंग आला नाही. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे कागद आले, दोन्हीत पाणी पिण्याजोगं असल्याचं लिहिलं होतं. दीक्षानं ते वाचून दाखवले. संभाजीनं पत्रा उचलून भंगारात टाकला. मथुराबाईंनी घागर आणि दोर आणला आणि दीक्षाच्या हातात दिला.

दीक्षा म्हणाली, आजी, विहीर तुमची, तुम्ही शेंदा. मथुराबाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या. पदर नीट केला, पुन्हा नीट केला.

“ही विहीर खणायला तुमच्यातली मानसं हुती, पोरी,” त्या म्हणाल्या. “पानी लागलं त्या दिसापास्नं माझी सासू त्यास्नी वरनं ओंजळीत ओतायची. दोराला हात लावू दिला न्हाई. मी हितंच उभी हुते. दिसत हुतं सगळं, पण बोलले न्हाई. पहिली घागर तू शेंद.”

दीक्षाचे डोळे भरून आले. पुसायला तिनं हात वर केला नाही, कारण हातात दोर होता. तिनं घागर सोडली. ती पाण्याला लागल्याचा आवाज आला, मग ओढल्याचा. घागर तिनं कठड्यावर ठेवली, पेला बुडवला आणि आधी स्वतः प्यायली. मग त्याच पेल्यात पुन्हा पाणी घेऊन तो मथुराबाईंच्या हातात दिला. मथुराबाई ते सगळं पाणी प्यायल्या.

मित्रांनो, माझं काम आता संपलं. पुढच्या आठवड्यात दीक्षा मला टेम्पोत घालून दुसऱ्या एका विहिरीवर नेणार आहे, तिथली माणसं कशी असतील कोण जाणे. माझ्यावर माया केलीत तर मला आवडेल, फक्त तेल लावण्याआधी विचारा. आणि आणखी एक मागणं आहे. पाणी नासायला कुणीतरी एकदा मान फिरवणं पुरतं, ते परत मिळवायला किती लोखंड आणि किती हात लागले, ते तुम्ही ऐकलंत. कुणी विहिरीत, ओढ्यात, खड्ड्यात काही ओतताना दिसलं, कुणी कुणाला पाण्यापासून दूर ठेवताना दिसलं, तर तिथंच, त्याच वेळी बोला. मी चार वर्षं बघत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.